आधी भोक, मग अंग

ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आला की मंगळवेढ्यातल्या लेथच्या दुकानांपुढे पिना येऊन पडू लागतात. ट्रॉलीच्या हुकाची पिन, जेसीबीच्या बकेटची पिन, ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलची किंगपिन. वरून पाहिले तर गोल गजाचा तुकडा. कुणीही टर्नर तो तासाभरात मापात आणून देईल. वेळ खाते ते तिच्या पोटातले भोक. डोक्यावर ग्रीसचे निप्पल बसते, तिथून ८ मिमीचे भोक सरळ आत जाते, दीड-दोनशे मिमीवर थांबते आणि बाजूने पाडलेले आडवे भोक त्याला येऊन मिळते. ग्रीस त्या वाटेने बुशपर्यंत पोचते. ही वाट नसलेली पिन बसवली तर ती बुशसकट लवकरच झिजून जाते. गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर आज संध्याकाळी हवा असतो आणि टर्नर म्हणतो, "भोकाचं काम हाय, उद्या या."

त्या 'उद्या या'मागे बरेच काही आहे. अरुंद आणि लांब भोक सरळ पाडणे हा धातुकामातला जुना आणि चिवट प्रश्न आहे. त्यावर तोफा ओतणाऱ्यांनी डोके लढवले, बंदुका करणाऱ्यांनी लढवले आणि आज मोटारींचे भाग करणारे कारखाने लढवत आहेत. प्रश्न एवढाच, की तीस-चाळीस वर्षे चाललेल्या, बेड झिजलेल्या लेथवर तालुक्याच्या गावात यातले काय जमते आणि काय जमत नाही.

खोल म्हणजे किती खोल, याचे उत्तर इंचात देता येत नाही. व्यासाच्या किती पट, असे विचारावे लागते. ३ पटीपर्यंत कुणालाच काही वाटत नाही. ५ पटीनंतर ड्रिल मधूनमधून बाहेर काढून साफ करावे लागते. १० पटीपुढे कामाची रीतच बदलते. आपली ८ मिमीची, २०० मिमी खोल वाट २५ पटींची आहे. नेहमीच्या ६ मिमी ड्रिलची पूर्ण लांबी ९३ मिमी असते आणि त्यावरची पिळदार खाच फक्त ५७ मिमी, म्हणजे साडेनऊ पट. ही खाच कीस बाहेर येण्याची वाट आहे. खाचेचे तोंड भोकात बुडाले की कीस आतच अडकतो, दाबला जातो, तापतो आणि ड्रिल आवळून धरतो. पुढचा आवाज प्रत्येक टर्नरच्या ओळखीचा आहे: आधी किंचित कुरकुर, मग कट्!

हे समजायला मंगळवेढेकराला पुस्तक लागत नाही. या दुष्काळी पट्ट्यात बोअरची गाडी पाहिली नाही असा माणूस सापडायचा नाही. साडेसहा इंची बोअर ५०० फूट जाते, म्हणजे व्यासाच्या नऊशे पटींहून खोल. ते जमते कसे? पोकळ रॉडमधून दाबाची हवा तळाला जाते आणि फुटलेला दगड रॉडच्या बाहेरच्या फटीतून भुकटी होऊन वर येतो. ती पांढरी धूळ अंगावर उडते तोवर काम ठीक चालले आहे. धूळ थांबली की गाडीवाला पहिला हात लिव्हरकडे नेतो. खोल भोकाचे शास्त्र त्या धुळीत आहे: काय आत जाते यापेक्षा काय बाहेर येते यावर लक्ष. लेथवर हवेच्या जागी तेल असते आणि धुळीच्या जागी कीस. बाकी फरक नाही.

इथून दीड-दोन तासांवर विजापूर आहे. तिथली मलिक-ए-मैदान तोफ सगळ्यांनी पाहिलेली असते. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, काही काळ परांड्याच्या किल्ल्यावर असलेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेलेली ही तोफ ५५ टनांची मानतात. लांबी १४ फूट ४ इंच, तोंड २ फूट ४ इंच. म्हणजे सगळी लांबी धरली तरी जेमतेम ६ पट. त्याच शहरात उपली बुरुजावर लांब नळीची लोखंडी तोफ पडलेली आहे. ती ३० फुटांहून लांब, तोंड एका फुटाचे. हे ३० पटींचे प्रकरण झाले, म्हणजे आपल्या पिनेच्या जातीचे. पण तिच्यात कुणी भोक पाडलेलेच नाही. घडीव लोखंडाच्या पट्ट्या उभ्या जुळवून, त्यांच्यावर तापलेली कडी चढवून नळी बांधलेली आहे. भोकाभोवती तोफ रचली, असे म्हटले तरी चालेल. पर्यटक मलिक-ए-मैदानचे सिंहमुख बघून परततात. टर्नरने ही दुसरी तोफ पाहावी. खोल भोक पाडण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे ते न पाडणे, हे त्या कारागिरांना कळले होते. आजही मोठ्या व्यासाच्या पिनेला मी आधी हेच विचारतो: जाड भिंतीचा सीमलेस पाइप चालेल का? चालत असेल तर भोक बाजारातून विकत आणता येते.

युरोपातही आधी तोफा मधे गाभा ठेवून ओतत, आणि ओतताना गाभा हलला की भोक तिरपे होई. अठराव्या शतकात मारित्झ नावाच्या स्विस कारागीर घराण्याने तोफ भरीव ओतून मग कोरण्याची पद्धत बसवली. पुढे तोफ आडवी ठेवून तोफच फिरवायची आणि कोरणारे हत्यार स्थिर ठेवायचे, अशी मांडणी आली. हा बदल लहान दिसतो, पण खोल भोकाच्या इतिहासात याहून मोठा बदल मला दिसत नाही. हत्यार फिरत असेल आणि त्याचे टोक एकदा डावीकडे सरकले, तर ते डावीकडेच जात राहते. काम फिरत असेल तर सरकलेले टोक दर फेऱ्यात कामाच्या वेगळ्या बाजूला लागते, त्याला एका दिशेने पळायला वाव राहत नाही. लेथची रचना जन्मतःच अशी आहे. म्हणून नव्या, महागड्या ड्रिलिंग मशीनपेक्षा जुना लेथ या एका कामात सरस ठरतो.

तोफा कोरण्याच्या कामानेच उष्णतेचे शास्त्रही बदलले. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रमफर्डने मुद्दाम बोथट हत्यार लावून, घोड्यांकडून फिरवत तोफेचे पितळ घासले. भोवती पाण्याची पेटी होती. अडीच तासांत पाणी उकळले. विस्तव कुठेच नव्हता. १७९८ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि उष्णता हा काही पदार्थ आहे या समजाला हादरा बसला. टर्नरला यातला व्यवहाराचा भाग पुरे: बोथट ड्रिल कापत नाही, पाणी उकळते.

आता दुकानात येऊ. लेथ म्हणजे बहुधा दुसऱ्या हाताने घेतलेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, त्या घराण्याच्या हरिहरच्या कारखान्यातले लेथ, बंगळूरच्या एचएमटीचे लेथ, आणि राजकोट-बटाल्याकडचे स्वस्त लेथ, असे सगळे जुन्या बाजारात फिरत असतात. लेथ कुठलाही असो, वर्षानुवर्षे कॅरेज चकाजवळ फिरून तिथला बेड झिजतो, आणि टेलस्टॉक पुढे-मागे सरकून त्याचा पाया झिजतो. टेल खाली बसते. चकाची मध्यरेषा एका उंचीवर, टेलची किंचित खाली. आखूड भोकाला हे दिसत नाही. लांब भोकाला ड्रिल पहिल्यापासून वाकून आत शिरते आणि मग वाकडेच जाते.

तपासायला दहा मिनिटे लागतात. डायल गेज चकात धरायचे, त्याची सुई टेलच्या नळीच्या आतल्या टेपरला टेकवायची आणि चक हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा. वर आणि खाली जो फरक येतो त्याच्या निम्मी टेल खाली आहे; डावी-उजवीचा फरक निम्मा केला की बाजूची चूक कळते. बाजूची चूक टेलच्या स्क्रूने काढता येते. उंचीची काढायला टेलचे अंग आणि पाया यांच्यामध्ये पातळ पत्रा सारावा लागतो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, तो कात्रीने कापता येतो आणि फुकट मिळतो. हे मोजमाप टेल ज्या जागी उभी राहून काम करणार त्याच जागी घ्यायचे, कारण झिजलेल्या बेडवर प्रत्येक वितीला उंची वेगळी. अनेक दुकानांत टेल वर्षानुवर्षे तपासलेली नसते आणि दोष ड्रिलच्या कंपनीला मिळतो.

टेलचा नाद सोडून ड्रिल टूल पोस्टमध्ये धरण्याचीही रीत आहे. एकदा डायल लावून उंची आणि बाजू जुळवली की कॅरेजचे चाक फिरवून ड्रिल झपकन मागे घेता येते आणि झपकन पुढे देता येते. टेलचा स्क्रू मात्र दर वेळी वीस-वीस फेरे मागे फिरवावा लागतो, आणि कंटाळलेला माणूस ड्रिल साफ करायचे टाळतो. भोक वाया जाण्याचे हेही एक खरे कारण आहे. पुस्तकात ते लिहिलेले सापडत नाही. टेलच वापरायची असेल तर तिचा नट सैल करून अख्खी टेल मागे ओढावी. जुने टर्नर हेच करतात.

सुरुवात कशी करावी यावर दुकानादुकानांत मतभेद आहेत. बहुतेकांची सवय अशी, की आधी बारीक पायलट ड्रिल पूर्ण खोलीपर्यंत घालायचे, मग मोठे. आखूड भोकाला हे ठीक. लांब भोकात मात्र बारीक ड्रिल सर्वांत लवचीक असते, ते सर्वांत आधी भरकटते आणि मोठे ड्रिल इमानाने त्याच्या मागून जाते. माझ्या मते इथे पायलट घालणे ही चूक आहे. त्यापेक्षा सेंटर ड्रिलने खूण, मग हव्या त्याच मापाच्या आखूड, ताठ ड्रिलने व्यासाच्या दीड-दोन पट आत. शक्य असेल तर ते तोंड बारीक बोअरिंग टूलने मापात खरे करून घ्यायचे. मग लांब ड्रिल. तोंडाचा तो पहिला अर्धा इंच लांब ड्रिलला बुशसारखा धरून ठेवतो. ड्रिलच्या दोन्ही धारा सारख्या हव्यात, हे सांगायला नको. एक धार लांब राहिली तर भोक मोठे पडते आणि तिरपेही जाते.

वेगाचे गणित लोकांना उलटे वाटते. साध्या पोलादाला हायस्पीड ड्रिलचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर ६ मिमीला तेराशेवर फेरे लागतील. जुना लेथ चारशे-पाचशेच्या वर चढायला कुरकुरतो, म्हणजे वेग आपोआप ७ ते ९ मीटरवर येतो. खोल भोकाला हे वाईट नाही. तसाही तिथे वेग निम्मा करावाच लागतो, कारण टोकापर्यंत कुलंट पोचत नाही. पांढरे दुधासारखे सोल्युबल ऑइल भोकाच्या तोंडावर ओतून समाधान मानू नये. ड्रिल बाहेर काढले की भोकात पिचकारीने सोडावे. बिड कोरडेच कापावे, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल चांगले. पहिला टप्पा व्यासाच्या तिप्पट, नंतर एकेक पट, पुढे अर्धी-अर्धी पट, आणि दर टप्प्याला ड्रिल पूर्ण बाहेर. हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये आणि फिरत्या कामावरचा कीस हाताने ओढू नये, हे वाचकाला ठाऊक असेलच; तरी बोटे जातातच.

माझे स्वतःचे ड्रिल एकदा एका पितळी नोझलमध्ये तुटले. शंभरेक मिमी आत. शेवटचे वीस मिमी राहिले होते, जेवायची वेळ झाली होती आणि दोन टप्पे मी एकात घेतले. पोलादी पिन असती तर सरळ भंगारात टाकली असती, किंवा स्पार्क मशीनवर तुकडा जाळून काढायला दूर पाठवली असती. पितळ होते म्हणून एका म्हाताऱ्या टर्नरने तुरटी आणायला सांगितली. दाढीनंतर फिरवतात तीच. तुरटीच्या कढत, दाट पाण्यात नोझल ठेवले, पाणी गार झाले की पुन्हा तापवले. तुरटी पोलाद सावकाश खाते, पितळाला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रिलचा उरलेला तुकडा काळा चोथा होऊन बाहेर पडला. घड्याळजी तुटलेला स्क्रू काढायला हीच युक्ती करतात, असे नंतर कळले.

पिळाचे ड्रिल तसे फार जुने नाही. अमेरिकेत स्टीफन मोर्सने त्याचे पेटंट १८६३ साली घेतले. आपल्या लेथच्या टेलमधला मोर्स टेपर त्याच नावाचा. त्याआधीचे आणि आजही खेड्यातल्या लेथला सर्वांत जवळचे हत्यार म्हणजे डी-बिट. सिल्व्हर स्टीलचा गोल गज घ्यायचा, हव्या मापाचा. टोकाकडचा भाग निम्म्या जाडीपर्यंत सपाट करायचा, निम्म्याहून केसभर जास्तच ठेवायचा. टोकाला मागून थोडा उतार द्यायचा, लाल करून विझवायचे आणि फिकट पिवळा रंग येईपर्यंत परत तापवायचे. झाले. याला एकच धार आणि ती टोकाला. बाकी अर्धगोल अंग भोकाच्या भिंतीला टेकून चालते, त्यामुळे ते स्वतःच स्वतःला सरळ धरते. दोन अटी: सुरुवातीचे तोंड बोअर करून अगदी खरे दिलेले हवे, आणि कीस काढायला सतत बाहेर ओढावे लागते. काम कंटाळवाणे, पण भोक इतके गुळगुळीत येते की रीमर मारायची गरज राहत नाही. हत्यार त्याच लेथवर, त्याच दुकानात बनते, आणि त्याच्या आयत्या मापाची वाट बघावी लागत नाही. आज टर्नरचा ट्रेड शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना डी-बिट बनवता येत नाही, याचे मला वाईट वाटते. आयटीआयच्या दोन वर्षांत त्याला एक दुपार पुरेल.

गन ड्रिल म्हणजे डी-बिटचेच शिकलेले भावंड. तीच एक धार, तेच भिंतीला टेकलेले अंग. भर पडली ती पोटातून जाणाऱ्या तेलाच्या नळीची आणि कीस बाहेर आणणाऱ्या सरळ खाचेची. बारीक मापाला तेलाचा दाब पन्नास-शंभर बारपर्यंत नेतात. बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर २० बारच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. मोठ्या व्यासाला जर्मनांनी उलटी वाट काढली: तेल बाहेरच्या फटीतून आत आणि कीस नळीच्या पोटातून बाहेर, म्हणजे भिंतीवर ओरखडे नाहीत. या हत्यारांना शंभर पटींची खोलीही अवघड नाही, आणि वाकडेपणा १०० मिमीला ०.१ मिमीच्याही आत राहतो. मोटारीच्या कॅमशाफ्टला लांबीभर भोक पाडणे हे गन ड्रिलचे ठरलेले काम. ज्या सोलापूरला आपण चादरीसाठी ओळखतो तिथे १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशीच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवते. मंगळवेढ्यापासून अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर.

दाबाच्या तेलाची सोय जुन्या लेथवर करता येईल का? डाळिंबाच्या बागेत फवारणीला लावतात तो एचटीपी पंप वीसेक बारपर्यंत सहज जातो, हे पाहून माझ्या मनात कल्पना येते खरी. करून पाहिलेली नाही. तेलाचे तुषार आणि उघडी मोटर एकत्र आली तर काय होईल, या विचाराने हात आखडतो.

बंदूक बनवणाऱ्यांची एक शिकवण मात्र फुकट उचलता येते, आणि मला ती या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. बंदुकीची नळी बाहेरून घडवून मग आत भोक पाडत नाहीत. जाड गजात आधी भोक पाडतात. ते कुठेतरी थोडे सरकणारच हे धरून चालतात. मग त्या भोकाच्या दोन तोंडांत सेंटर लावून बाहेरचे अंग भोकाच्या हिशेबाने कापतात. भोक मधे येत नसेल तर मध्यच भोकाकडे आणायचा. आपल्याकडे उलटे चालते. पिन बाहेरून चकचकीत मापात आणायची, गिऱ्हाइकाला दाखवायची आणि शेवटी भोकाला हात घालायचा. भोक बिघडले की सगळी मेहनत भंगारात. ५० मिमीची पिन हवी असेल तर ५६ चा गज घ्यावा, भोक आधी पाडावे, मग अंगावर यावे. आरपार भोक असेल तर हे शंभर टक्के लागू. एका बाजूने बंद असेल तरी बिघाड पहिल्या तासात कळतो.

आणि सरळपणा हवाच कशाला, हेही विचारावे. ग्रीसची वाट एखाद्या मिमीने तिरपी गेली तर ग्रीसला काही कळत नाही. आडवे भोक तिला मिळाले की झाले. तिथे दोन्ही बाजूंनी पाडून मधे पायरी आली तरी चालते. व्हॉल्व्ह गाइड, स्पिंडल, हायड्रॉलिकचा स्पूल यांना मात्र ही सूट नाही. तेव्हा हिशेब असा: १० पटीपर्यंत कुठल्याही जुन्या लेथवर, टेल तपासून, बिनधास्त. २५-३० पटींपर्यंत लांब ड्रिल किंवा डी-बिट, भोक आधी, आणि एक दिवसाची मुदत. त्यापुढे, किंवा सरळपणा दशांशाच्या आत हवा असेल तर काम कोल्हापूर-पुण्याकडच्या गन ड्रिलवाल्याकडे पाठवावे. "जमणार नाही" असे म्हणणाऱ्या टर्नरवर चिडू नये. तो तुमचा गज वाचवतो आहे.

गिऱ्हाइकाला एक विनंती. पिन करायला टाकताना नुसते माप कागदावर लिहून नेऊ नका. झिजलेली, वाकलेली, तुटलेली का असेना, जुनी पिन सोबत न्या आणि नवी मिळेपर्यंत ती टर्नरकडेच राहू द्या. आडवे भोक नेमके किती आत मिळते, हे कागदापेक्षा तिच्यात तार घालून लवकर कळते.